रात्रीतून बॅटरी उतरते? नवी घेण्याआधी एक रात्र निगेटिव्ह काढून ठेवा

मकरसंक्रांतीच्या आगेमागे ग्वाल्हेरवर धुकं उतरतं आणि आमच्या नात्यातले फोन सुरू होतात. लष्कर भागातला चुलतभाऊ, मुरारची मावशी, थाटीपूरला नव्याने राहायला आलेलं एखादं जोडपं. बोलणं एकच: "ताई, काल संध्याकाळी गाडी व्यवस्थित लावली होती, आज सेल्फ मारला तर नुसती टकटक." त्यामागोमाग दुसरं वाक्यही ठरलेलं: "नवीन बॅटरी घेऊन टाकू का?"

आज तरी नका घेऊ. आधी दोन रात्रींची तपासणी करा. मी स्वतः एकदा अशी बॅटरी विनाकारण बदलली आहे, ती हकिगत पुढे येईलच. ज्यांनी आजवर बॉनेट फक्त काचेचं पाणी भरायला उघडलं, त्यांनाही जमेल अशीच ही तपासणी आहे.

आधी एक छोटा हिशोब, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. लहान पेट्रोल गाडीत साधारण ३५ अँपिअर-तासांची बॅटरी असते. म्हणजे पूर्ण भरलेली असताना ती पावणेदोन अँपिअर करंट २० तास देऊ शकते. डिक्कीतला ५ वॅटचा दिवा रात्रभर चालू राहिला तर तो ०.४ अँपिअर घेतो. दहा तासांत झाले ४ अँपिअर-तास. पस्तिसातून चार गेले तरी धडधाकट बॅटरी सकाळी इंजिन सहज फिरवते. ब्रेकचे २१ वॅटचे दोन दिवे मात्र मिळून साडेतीन अँपिअर घेतात. दहा तासांत ३५, म्हणजे सगळंच संपलं. बंद गाडीतही घड्याळ, लॉकचा रिसीव्हर आणि कॉम्प्युटरची स्मरणशक्ती यांना थोडा करंट लागतोच. तो साधारण २० ते ५० मिलिअँपिअर असतो. दिवसाला फार तर १.२ अँपिअर-तास. त्याने अर्धी बॅटरी रिकामी व्हायला दोन आठवडे लागतात, एक रात्र पुरत नाही.

तेव्हा एका रात्रीत गाडी बसत असेल तर तीनच शक्यता उरतात. एखादी मोठी वस्तू रात्रभर करंट खाते आहे. किंवा बॅटरी आता ३५ ची राहिलेलीच नाही, दहा-बाराची झाली आहे. किंवा संध्याकाळी गाडी लावली तेव्हाच ती भरलेली नव्हती, कारण चार्जिंग नीट होत नाही. "डिक्कीचा दिवा राहिला होता" एवढ्यावर समाधान मानू नका. तेवढ्याने बॅटरी बसली असेल तर बॅटरीही थकलेली आहे.

ग्वाल्हेरचं हवामान इथे घात करतं. मे-जूनमध्ये पारा ४५ च्या पुढे जातो, बॉनेटखाली त्याहून जास्त. बॅटरीच्या प्लेट खऱ्या झिजतात त्या या उष्णतेत. पण उन्हाळ्यात इंजिन हलकं फिरतं म्हणून ते कळत नाही. जानेवारीत पहाटे पाच अंशांखाली गेलं की इंजिनऑइल घट्ट होतं, बॅटरीच्या आतली रासायनिक क्रिया मंदावते आणि जूनमधलं नुकसान उघडं पडतं. म्हणून थंडीत बसलेल्या बॅटरीचं वय आधी पाहा. बहुतेक बॅटऱ्यांवर महिना-वर्ष छापलेलं किंवा कोरलेलं असतं, नाहीतर वॉरंटी कार्डावर विक्रीची तारीख असते. चार वर्षं उलटली असतील तर संशयाची सुई आधी तिच्याकडेच वळवा.

आजची सकाळ निभावण्यासाठी

कामावर जायचंच असेल तर शेजाऱ्याची गाडी आणि जंपर केबल. क्रम चुकवू नका. लाल क्लिप तुमच्या उतरलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, लाल केबलचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, काळी क्लिप चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला, आणि शेवटची काळी क्लिप तुमच्या गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटची क्लिप लावताना ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन वायू निघत असतो, म्हणून ही काळजी. काढताना नेमका उलटा क्रम. ऑटोमॅटिक गिअरची गाडी धक्का मारून सुरू होत नाही, गल्लीतल्या मुलांना उगाच दमवू नका.

गाडी सुरू झाली म्हणजे बॅटरी भरली, असं समजू नका. महाराज बाड्यापर्यंत जाऊन परत आलात तर त्यात फारसं काही भरत नाही, आणि धुक्यात हेडलाइट, ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर सगळं चालू असेल तर त्याहून कमी. तपासणीच्या आधी बॅटरी चार्जरवर पूर्ण भरून घ्या. ३५ च्या बॅटरीला साडेतीन अँपिअरने दहा-बारा तास लागतात. बॅटरीची बहुतेक दुकानं एक रात्र ठेवून चार्ज करून देतात. हे करण्यात आळस नको: रिकामी राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटवर सल्फेटचा थर कडक होत जातो आणि चांगली बॅटरीही त्यात कायमची बाद होते.

हाताशी काय लागेल

व्होल्ट आणि करंट मोजणारा डिजिटल मल्टीमीटर, साधा पाचशेच्या आतला चालेल. १० नंबरचा पाना. खाण्याचा सोडा, जुना टूथब्रश, टॉर्च. आणि वही, कारण आकडे लक्षात राहतात असं फक्त वाटतं.

सुरू करण्याआधी हातातल्या बांगड्या, अंगठ्या, धातूच्या पट्ट्याचं घड्याळ काढून ठेवा. बॅटरीचं निगेटिव्ह नेहमी आधी काढायचं आणि शेवटी लावायचं. कारण गाडीची सगळी बॉडीच निगेटिव्ह असते. निगेटिव्ह जोडलेलं असताना पॉझिटिव्हचा नट फिरवणारा पाना चुकून बॉडीला टेकला तर तो क्षणात लालबुंद होतो. किल्ली खिशात ठेवा आणि एक काच खाली करून ठेवा. करंट परत जोडताना काही गाड्या स्वतःहून लॉक होतात.

आता टर्मिनल, म्हणजे बॅटरीच्या खुंट्या आणि त्यांवर बसणारे केबलचे क्लॅम्प. हाताने हलवून पाहा. हाताने फिरलं तर ते सैल आहे आणि कदाचित रोग एवढाच आहे. पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड जमली असेल तर कोमट पाण्यात सोडा कालवून ब्रशने घासा, फडक्याने पुसा. वर झाकणं असलेली बॅटरी असेल तर सोडा आत जाऊ देऊ नका. बॅटरीच्या माथ्यावरची ओलसर काळी धूळसुद्धा करंट वाहून नेते. मीटरची काळी सुई निगेटिव्हवर ठेवून लाल सुई नुसती माथ्याच्या प्लास्टिकवर फिरवली आणि व्होल्ट दिसू लागले तर समजा, तिथूनही गळती आहे.

पहिली रात्र: निगेटिव्ह काढून

माझा सगळा भर या एका रात्रीवर आहे. हिला फक्त पाना आणि मीटर लागतो, आणि निम्मी दिशाभूल इथेच संपते.

भरलेली बॅटरी दोन तास शांत राहू द्या, म्हणजे वरवरचा फुगीर आकडा खाली बसतो. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून दोन्ही टर्मिनलवर सुया टेकवा. १२.६ च्या आसपास म्हणजे भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२ म्हणजे जेमतेम पाव. आकडा वहीत लिहा, निगेटिव्ह केबल काढा, ती टर्मिनलला टेकणार नाही अशी कापडात गुंडाळून बाजूला ठेवा आणि झोपा.

सकाळी केबल लावण्याआधी पुन्हा मोजा.

आकडा जवळपास तोच आहे आणि केबल लावल्यावर गाडी पहिल्या सेल्फला उठली, तर एकतर रात्री गाडीतलंच काहीतरी करंट खात असणार, नाहीतर चार्जिंग नीट होत नसणार. बॅटरी सध्या तरी निर्दोष. पण एकटी ठेवलेली बॅटरीसुद्धा रात्रीतून १२.२ किंवा त्याखाली आली तर दोष तिचाच. आकडा साडेदहाच्या जवळ येऊन थांबत असेल तर शंकाच नको: १२ व्होल्टच्या बॅटरीत प्रत्येकी २.१ व्होल्टचे सहा सेल असतात, त्यातला एक मेला की पाचांचे साडेदहा उरतात.

तिसरी गत जरा फसवी आहे. व्होल्ट १२.५ दिसतात, पण सेल्फ मारला की दिवे मंद होतात. अशा वेळी घरातल्या कोणाला तरी सेल्फ मारायला सांगून त्याच क्षणी मीटर पाहा. साडेनऊच्या खाली आकडा गेला तर बॅटरीत दम उरलेला नाही. दुकानातला लोड टेस्टर हेच मोजतो, तेव्हा तिथे नेऊन आकडा डोळ्यांसमोर दाखवायला सांगा.

चार्जिंग होतंय का

ही तपासणी पाच मिनिटांची. इंजिन चालू करून बॅटरीवर मोजा. १३.८ ते १४.५ च्या दरम्यान आकडा हवा. मग हेडलाइट, ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर लावा आणि ॲक्सिलरेटर किंचित दाबा, तरी साडेतेराच्या वरच राहायला हवा. १२.५ वरच अडकला तर दोष अल्टरनेटरचा (इंजिनवर फिरून बॅटरी भरणारं यंत्र), त्याच्या पट्ट्याचा किंवा मधल्या वायरचा. पट्टा सैल असला की थंड सकाळी किंचाळतो, तो आवाज ओळखायला सोपा आहे. पंधराच्या वर गेला तर तेही वाईट, बॅटरी आतून उकळते. काही नव्या गाड्यांत कॉम्प्युटर मुद्दाम चार्जिंग कमी-जास्त करतो, म्हणून एकाच आकड्यावर निकाल देऊ नका. दिवे लावून पुन्हा पाहा.

लोक सांगतात की एकदा सेल्फ मारला की बॅटरी फार खर्च होते. दोन सेकंद २०० अँपिअर म्हणजे ०.११ अँपिअर-तास. काही मिनिटांच्या चालण्यात ते भरून निघतं. छोट्या फेऱ्यांत खरं नुकसान गर्दीत इंजिन मंद चालू असताना होतं. सगळे दिवे लागलेले असतात आणि अल्टरनेटर जेमतेम तेवढंच पुरवतो.

दुसरी रात्र: करंट खाणारा शोधताना

मीटर लावण्याआधी नुसत्या डोळ्यांनी पाहा. रात्री सगळं बंद करून, लॉक करून गाडीभोवती एक चक्कर मारा. मग डिक्कीत मोबाइल व्हिडिओवर ठेवून झाकण लावा, थोड्या वेळाने काढून बघा, आतला दिवा विझला की नाही ते कळेल. डॅशबोर्डच्या कप्प्यातही तसंच.

माझी हकिगत इथली आहे. दौलतराव शिंद्यांनी १८१० साली तळ दिला आणि त्या छावणीतून लष्कर हा भाग वाढला. आमची गल्ली त्या जुन्या भागातली, मोटारीच्या मापाची नाही. गाडी मागे घेत घेत वाड्याच्या भिंतीला पाठ लावूनच उभी करावी लागते, त्यामुळे मागचे दिवे कधी नजरेला पडत नाहीत. सकाळी गाडी उठेना. दुकानदाराने मीटर न लावताच "बैटरी गई" म्हणून सांगितलं आणि मी नवी घेतली. पाचव्या दिवशी तीही बसली. त्या रात्री दूध तापवायला उठले होते, खिडकीतून पाहिलं तर भिंतीवरचं धुकं लाल दिसत होतं. ब्रेकचे दिवे चालू, गाडीत कोणी नाही. ब्रेक पॅडलच्या वर एक बटणासारखा स्विच असतो. पॅडल वर आलं की एक छोटासा रबरी किंवा प्लास्टिकचा तुकडा त्या बटणाला दाबतो आणि दिवे विझतात. तो तुकडा वाळून फुटला होता, त्याचे कण पायाखालच्या चटईवर पडलेले होते. पॅडल कधी अडकून बटण दाबलं जायचं, कधी नाही, म्हणून काही रात्री बऱ्या जायच्या. तुकड्याची किंमत अगदीच किरकोळ होती. जुनी बॅटरी एव्हाना मोडीत गेली होती, आणि ती चांगली होती. म्हणून सांगते, चटईवर चुरा दिसला तर आधी पॅडलच्या वर टॉर्च मारा, आणि गाडी भिंतीला लावत असाल तर एका रात्री ती जरा पुढे घेऊन मागे जाऊन बघा.

डोळ्यांना काही सापडलं नाही, तर आता मीटर. इथे घाई चालत नाही.

मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या वेगळ्या भोकात घाला आणि चकती १० अँपिअरवर करा. लहान मिलिअँपिअरच्या भोकातून सुरुवात केलीत तर मीटरचा फ्यूज जाईल. दरवाजा उघडा ठेवावा लागणार असेल तर त्याचं कुलूप स्क्रूड्रायव्हरने बंद अवस्थेत ढकला, म्हणजे गाडीला दार लागलं असं वाटेल. नंतर दार लावण्याआधी ते मोकळं करायला विसरू नका. बॉनेटच्या कुलपाचंही तसंच. बटणाने सुरू होणारी गाडी असेल तर किल्ली लांब, घरात ठेवा.

निगेटिव्ह क्लॅम्प सैल करा. मीटरची एक सुई बॅटरीच्या खुंटीला आणि दुसरी क्लॅम्पला धरून मगच क्लॅम्प उचला. करंट आता मीटरमधून जातोय. या अवस्थेत सेल्फ मारू नका, हेडलाइट लावू नका, मीटर जळेल. सुरुवातीला एक-दोन किंवा त्याहून जास्त अँपिअर दिसतील, घाबरू नका, गाडीतले कॉम्प्युटर अजून जागे आहेत. ते झोपायला २० मिनिटांपासून तासभर लागतो. चहा पिऊन या. त्यानंतर ०.०५ अँपिअरच्या आत आकडा आला तर गाडी निर्दोष. ०.३, ०.८, २ असं काही थांबून राहिलं असेल तर ते शोधायचं.

प्रत्येक फ्यूज उपटून बघायची जुनी पद्धत आहे, पण फ्यूज परत लावताना कॉम्प्युटर पुन्हा जागे होतात आणि आकडा बिघडतो. त्यापेक्षा क्लॅम्प परत लावा, गाडी पुन्हा झोपू द्या, मीटरची लाल वायर व्होल्टच्या भोकात परत आणा आणि चकती मिलिव्होल्टवर ठेवा. प्रत्येक फ्यूजच्या पाठीवर धातूचे दोन बारीक ठिपके उघडे असतात, त्यांवर सुया टेकवा. शून्य दिसलं तर त्या वाटेने करंट जात नाही. आकडा दिसला तर जातो. मग फ्यूजबॉक्सच्या झाकणावरचा नकाशा वाचून ती वाट कोणाची ते पाहा. एक पेटी डॅशबोर्डखाली असते, दुसरी बॉनेटखाली, दोन्ही तपासा. काढलेला फ्यूज त्याच रंगाचा परत लावा: लाल १०, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३० अँपिअर. जास्तीचा लावलात तर वायर तापून आग लागू शकते.

बहुतेकदा सापडतं ते बाहेरून बसवलेलं. म्युझिक सिस्टिम, ज्यात कायम चालू राहणारी वायर आणि किल्लीवर चालणारी वायर एकत्र जोडून टाकलेली असते. डॅशकॅम. ट्रॅकर. जास्तीचे फॉग लॅम्प. स्टिअरिंगखालच्या तपासणीच्या सॉकेटमध्ये खोचून ठेवलेलं एखादं यंत्र. गाडी घेतल्यावर कधी काय बसवलं आणि त्रास कधी सुरू झाला, या दोन तारखा शेजारी लिहिल्यात तर पुष्कळदा मीटरआधीच उत्तर मिळतं. रिले, म्हणजे करंट चालू-बंद करणारे छोटे स्विच, तेही अडकतात. बंद गाडीतला रिले तासाभराने हाताला कोमट लागला तर तो चालूच आहे.

आणि सगळे फ्यूज शून्य दाखवत असूनही करंट जातच असेल तर अल्टरनेटर. त्याची जाड वायर या छोट्या फ्यूजमधून जात नाही. आतला डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, फुटला की करंट उलटा बॅटरीतून अल्टरनेटरमध्ये वाहतो. पहाटे बाकी इंजिन गार आणि अल्टरनेटर किंचित कोमट, हे त्याचं लक्षण. त्यापुढचं काम ऑटो इलेक्ट्रिशियनचं. एअरबॅगच्या पिवळ्या वायरींना आणि हायब्रिड गाडीच्या नारिंगी केबलना तर आपण अजिबात हात लावायचा नाही.

इलेक्ट्रिशियनकडे जाताना "बैटरी बैठ जाती है" एवढंच सांगू नका, कारण मग नवी बॅटरीच सुचवली जाते. वही पुढे करा आणि स्पष्ट सांगा: "भैया, निगेटिव निकालकर रखी तो सुबह ठीक थी, लगी रही तो बैठ गई। रात को करंट कहाँ जा रहा है, मीटर लगाकर देखना है।" एवढं ऐकल्यावर कामाची दिशाच बदलते, हा माझा अनुभव आहे.

वॉरंटीतली बॅटरी खराब निघाली तर कार्ड आणि बिल घेऊन जा. ते ती चार्ज करून, तपासून मगच बदलतात, म्हणून एक-दोन दिवस धरून चला. वॉरंटी संपलेली असेल आणि नवी घ्यायचीच असेल तर तितक्याच अँपिअर-तासांची, टर्मिनलची बाजू तीच असलेली घ्या. सिग्नलला आपोआप बंद होणारं इंजिन असेल तर त्या प्रकारासाठीचीच बॅटरी लागते, साधी लवकर मरते. जुनी बॅटरी भंगारवाल्याला नको, दुकानातच द्या. आत शिसं आणि गंधकाम्ल आहे, आणि परतीचे पैसेही मिळतात.

दुरुस्ती झाल्यावर निगेटिव्ह लावलेलंच ठेवून आणखी दोन रात्री मोजा. झोपताना एकदा, सकाळी सेल्फच्या आधी एकदा. दोन्ही सकाळी १२.५ च्या वर आकडा राहिला की वही मिटायला हरकत नाही. मी माझी गाडीच्या कप्प्यातच ठेवते, १० नंबरच्या पान्यासोबत.